'इन्सेप्शन'ची 4के डिस्क: शेवटावर वाद घालायचा असेल तर हीच घ्या

ख्रिस्टोफर नोलनच्या 'इन्सेप्शन'मध्ये शेवटी टेबलावर भोवरा फिरत राहतो, जरासा डगमगतो आणि पडदा काळा होतो. दुसऱ्यांच्या स्वप्नांत शिरून गुपितं चोरणारा नायक कॉब खरोखर घरी पोचला, की अजून स्वप्नातच आहे? सिनेमा 16 जुलै 2010 ला आला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. तो चालतो मात्र बहुतेक वेळा आठवणीच्या भरवशावर. "हातात अंगठी नव्हती", "मुलांचे कपडे तेच होते", "भोवरा पडायलाच आला होता" अशी विधानं ठामपणे केली जातात आणि पुन्हा कुणी पाहत नाही. यातली बरीचशी डोळ्यांनी तपासता येतात. त्यासाठी चांगली प्रत हवी, नीट लावलेला टीव्ही हवा आणि नेमकं कुठे पाहायचं हे ठाऊक हवं. वॉर्नर ब्रदर्सने डिसेंबर 2017 मध्ये काढलेल्या 4के अल्ट्रा एचडी संचाचं हे परीक्षण त्याच अंगाने केलं आहे. सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं उघड केलेलं आहे.

आधी संचाबद्दल. तीन डिस्क मिळतात: एक 4के, एक साधी ब्लू-रे आणि एक पुरवणी साहित्याची ब्लू-रे. 4के डिस्कवर उजेड-अंधारातला फरक खुलवणारं एचडीआर10 आहे, त्याच्या पुढचं डॉल्बी व्हिजन नाही. आवाज डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ 5.1 आहे, डोक्यावरूनही आवाज देणारं ॲटमॉस नाही. सिनेमाची लांबी 148 मिनिटं. भारतातून मागवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. 4के डिस्कना प्रदेशबंदी नसते, पण सोबतच्या ब्लू-रेंना असू शकते. अमेरिका 'ए' विभागात येते, भारत 'सी' विभागात. म्हणजे सिनेमा चालेल आणि पुरवणी डिस्क प्लेअरमध्ये अडेल, असं होऊ शकतं. तेव्हा विक्रेत्याला आधी विचारून घ्या. साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये 4के डिस्क वाचली जात नाही. 4के प्लेअर लागतो, नाहीतर डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन 5 किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स. एचडीएमआयची केबलही जुनी वापरू नका. चित्र मधेच जायला लागलं की लोक डिस्कला दोष देतात आणि दोष केबलचा निघतो.

चित्र उत्तम आहे. सिनेमा मुख्यतः 35 मिमी ॲनामॉर्फिक (रुंद चित्र आडवं दाबून टिपणाऱ्या) फिल्मवर चित्रित झाला, काही भाग 65 मिमीवर. छायालेखक वॉली फिस्टर यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. सिनेमाला मिळालेल्या चार ऑस्करांपैकी ते एक. बाकीची ध्वनिसंकलन, ध्वनिमिश्रण आणि दृश्य परिणामांसाठी होती. पडद्यावर बारीक कण दिसतील. ते फिल्मचे आहेत, तो बिघाड नाही. टीव्हीतलं नॉइज रिडक्शन चालू ठेवलंत तर हे कण पुसले जातात आणि त्यांच्याबरोबर कापडाचा पोतही जातो. इथे तर कापडच तपासायचं आहे.

शेवटच्या दृश्यात मुलगी बागेत वळते तेव्हा चित्र थांबवा. सिनेमाभर कॉबच्या आठवणीत आणि स्वप्नांत ही दोन मुलं पाठमोरी दिसतात, खाली वाकून काहीतरी खेळत असतात, आणि तो त्यांचे चेहरे पाहायचं टाळतो. वर जागेपणी भेटल्यावरच पाहीन, हा त्याचा हट्ट आहे. पहिल्यांदा पाहताना शेवटचा प्रसंग अगदी त्याच आठवणीसारखा वाटतो. तोच प्रकाश, तशीच बसण्याची पद्धत, तसेच गुलाबी आणि चौकटींचे रंग. 'सगळं स्वप्न' म्हणणाऱ्यांचा मोठा आधार हाच असतो: इतक्या काळाने परत येऊनही मुलं तशीच कशी? नीट पाहिलं तर ती तशी नाहीत. शेवटच्या दृश्यात मुलीच्या फ्रॉकच्या आत पांढरा टी-शर्ट आहे, आठवणीतल्या फ्रॉकात तो नाही. कपडे एकसारखे नाहीत, हे वेशभूषाकार जेफ्री कर्लंड यांनीही मुलाखतीत सांगितलेलं आहे. त्याहून पक्का पुरावा श्रेयनामावलीत आहे. तिथे मुलांच्या भूमिका वयासह, दोनदोनदा लिहिल्या आहेत: फिलिपा 5 वर्षं आणि फिलिपा 3 वर्षं, जेम्स 3 वर्षं आणि जेम्स 20 महिने. म्हणजे शेवटासाठी मोठी मुलं वेगळी घेतली होती. नावं भराभर वर सरकतात, तेव्हा रिमोट हातात ठेवा.

यावरून शेवट जागेपणातला आहे हे पूर्ण सिद्ध होत नाही. मन स्वप्नात मुलांना मोठं करू शकतं. पण 'मुलं बदललीच नाहीत' हा मुद्दा मात्र कायमचा बाद होतो. वादात एवढं झालं तरी पुष्कळ, कारण निम्मी भांडणं याच मुद्द्यावर अडतात.

अंगठीची गोष्ट वेगळी आहे. कॉब स्वप्नात असतो तेव्हा त्याच्या डाव्या हातात लग्नाची अंगठी दिसते, जागेपणी दिसत नाही. सुरुवातीला म्हाताऱ्या सैतोच्या, म्हणजे कॉबला काम देणाऱ्या जपानी उद्योगपतीच्या, महालातला हात पाहा आणि मग जपानमधल्या बुलेट ट्रेनमध्ये जाग आल्यानंतरचा हात पाहा. फरक उघड आहे. शेवटी तपासायची जागा म्हणजे लॉस एंजेलिसच्या विमानतळावरची इमिग्रेशनची खिडकी. तिथे अंगठी नाही. हा मुद्दा भोवऱ्यापेक्षा कितीतरी जड आहे, कारण याबद्दल सिनेमात कुणी एक शब्द बोलत नाही. तो प्रेक्षकाला चकवण्यासाठी ठेवलेला नाही. कामात इतकी शिस्त आहे की जागेपणीच्या आणि स्वप्नातल्या कॉबचे दोन हात पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळे ठेवलेत. 4के प्रतीत अंधाऱ्या खोलीतलं बोटही स्पष्ट दिसतं. दाबलेल्या स्ट्रीमिंग प्रतीत सावलीत नुसता तपकिरी डाग उरतो.

आता भोवरा. त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात कमी विचार केला जातो.

टोटेम, म्हणजे आपण स्वप्नात आहोत का हे ओळखायची खासगी वस्तू, कशासाठी असतो, हे कॉबचा साथीदार आर्थर स्वप्नं रचणाऱ्या ॲरियाड्नीला समजावतो. त्याचा टोटेम म्हणजे एका बाजूला जड केलेला लाल फासा. तो कसा पडतो हे फक्त त्यालाच माहीत. दुसऱ्या कुणी रचलेल्या स्वप्नात तो अडकला तर रचणाऱ्याला फाशाचं खरं वजन ठाऊक नसणार, आणि फासा चुकीचा पडेल. म्हणून टोटेमला दुसऱ्याने हात लावायचा नाही. ॲरियाड्नी बुद्धिबळातला उंट आतून पोखरते, तोही याच कारणासाठी. म्हणजे टोटेम एवढंच सांगतो की आपण दुसऱ्याच्या स्वप्नात नाही आहोत. आपल्याच स्वप्नात असू तर आपल्या मनाला फाशाचं वजन माहीतच असतं, आणि फासा बरोबर पडतो.

कॉबचा भोवरा या नियमात बसत नाही. एक तर तो मूळचा त्याच्या वारलेल्या बायकोचा, मॉलचा. दुसरं, त्याचं रहस्य कॉब स्वतःच ॲरियाड्नीला सांगून टाकतो: स्वप्नात हा कधी पडत नाही. तिसरं, सैतोने तो हातात घेतलेला आहे. आणि चौथं, त्याची कसोटीच उलटी आहे. खऱ्या जगात भोवरे पडतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. कुणीही स्वप्न रचणारा पडणारा भोवरा सहज रचू शकतो. म्हणून भोवरा फिरतच राहिला तर ते स्वप्न नक्की, पण पडला तर काहीच सिद्ध होत नाही. शेवटच्या शॉटमध्ये अजून दोन सेकंद दाखवून तो पाडला असता, तरी चिवट वादपटूचं तोंड बंद झालं नसतं. "पडला की नाही" यावर तासभर भांडायच्या आधी हे मान्य करून घ्यावं, वेळ वाचतो.

तरीही डगमग पाहण्यासारखी आहे. फिरत्या भोवऱ्याचा वेग घर्षणाने उतरत जातो, तसा त्याचा कणा उभ्या रेषेभोवती झुकून गोल फिरू लागतो. हा झोक वाढत जातो आणि शेवटी कड टेबलाला घासते. एकदा वेग उतरायला लागला की बाहेरून जोर दिल्याशिवाय तो पुन्हा चढत नाही. आता तीन जागा लागोपाठ लावून पाहा: लिंबोत (स्वप्नांच्या सगळ्यात खालच्या थरात) म्हाताऱ्या सैतोच्या टेबलावरचा भोवरा, मॉलच्या तिजोरीतला भोवरा आणि शेवटचा. पहिले दोन ताठ फिरतात, झोक अजिबात नाही. शेवटचा झुकतो. टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत कॉब हातात पिस्तूल घेऊन भोवरा पाहतो आणि तो पडतो, तोही असाच झुकत झुकत. डोळ्यांचा कौल हवा असेल तर तो जागेपणाच्या बाजूने आहे.

हा झोक दिसायचा असेल तर टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा आहे. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या अंदाजाने तयार करून घालतो, आणि वेगाने फिरणाऱ्या चकचकीत धातूवर हा अंदाज हमखास चुकतो. कडा पाझरतात, भोवऱ्याभोवती वलय दिसतं आणि झोक त्यात बुडून जातो. एलजीमध्ये हे ट्रूमोशन नावाने असतं, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा, बाकीचं आपोआप बंद होतं. काळा पडदाही तपासा. एलसीडी टीव्हीत मागचा दिवा पूर्ण विझत नाही, त्यामुळे भोवऱ्यानंतरचा काळोख राखाडी दिसतो आणि तो तुटलेपणाचा धक्का बोथट होतो. ओएलईडीवर ठिपका न् ठिपका विझतो. एलसीडीच असेल तर लोकल डिमिंग (मागच्या दिव्याचे भाग वेगवेगळे मंद करणारी सोय) सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवा आणि खोलीतले दिवे घालवू नका. मागे मंद दिवा असला की राखाडीपणा कमी जाणवतो.

आता वादाकडे. दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, तिथे खरा घोळ होतो. एक, शेवटचं दृश्य स्वप्न आहे का? दोन, सगळा सिनेमाच स्वप्न आहे का? दोन्हींचे पुरावे वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर अंगठी, मुलं आणि झोक यांवरून बऱ्यापैकी देता येतं: नाही. दुसऱ्या प्रश्नापुढे हे सगळे पुरावे लुळे पडतात, कारण ज्या जागेपणाशी आपण तुलना करतो तेच स्वप्न असेल तर अंगठी असणं-नसणं यातून काहीच कळत नाही.

दुसऱ्या बाजूचे पुरावे मात्र गंभीर आहेत, त्यांना हसण्यावारी नेऊ नये. केनियातल्या मोम्बासाचा भाग पुन्हा लावा (चित्रीकरण मोरोक्कोतल्या टँजियरमध्ये झालंय). कॉबच्या मागे माणसं लागतात, गल्लीच्या भिंती जवळ येत जातात, एका फटीत तो अक्षरशः अडकतो, आणि बाहेर पडतो तर सैतो गाडी घेऊन हजर. स्वप्नात घडावं तसंच हे घडतं. पुढे लिंबोत मॉल त्याला तेच बोलून दाखवते: जगभर तुझ्या मागे लागलेल्या या बिनचेहऱ्याच्या कंपन्या आणि पोलीस, स्वप्नातली प्रोजेक्शन्स (मनाने उभी केलेली माणसं) स्वप्न पाहणाऱ्याला छळतात तसंच नाही का हे? सिनेमातला सगळ्यात धारदार युक्तिवाद हाच आहे, आणि कॉबकडे त्याला सरळ उत्तर नाही.

मोम्बासातच औषधं बनवणाऱ्या युसुफच्या तळघरात कॉब नवं गुंगीचं औषध स्वतःवर घेऊन पाहतो. दचकून उठतो, तोंडावर पाणी मारतो, भोवरा फिरवायला जातो, आणि तो हातातून निसटून खाली पडतो. तेवढ्यात सैतो दारात येतो. कसोटी अर्धवट राहते. त्यानंतर शेवटापर्यंत कॉबने जागेपणी भोवरा नीट फिरवून पडेपर्यंत पाहिल्याचं आपल्याला दाखवलं जात नाही. 'मोम्बासापासून पुढचं सगळं स्वप्न' हा तर्क इथून निघतो. सगळ्या स्वप्नवादी तर्कांत तो सगळ्यात भक्कम आहे, कारण तो एका नेमक्या प्रसंगावर उभा आहे आणि सुरुवातीचा भाग तरी खरा ठेवतो. त्याविरुद्ध एवढंच म्हणता येतं की अर्धवट राहिलेली कसोटी म्हणजे नापास झालेली कसोटी नव्हे.

दृश्यांमधल्या उड्यांवरही फार बोललं जातं. पॅरिसच्या कॅफेत कॉब ॲरियाड्नीला विचारतो, आपण इथे कसे आलो? स्वप्नाची सुरुवात कधी आठवत नाही, आपण नेहमी मधेच असतो. मग विमानतळावरून थेट घर, मधला रस्ता गायब, हे स्वप्नाचं लक्षण धरायचं का? मला हा मुद्दा कच्चा वाटतो. संकलक ली स्मिथ यांनी सगळा सिनेमाच असा कापलाय, आणि जगातले सगळे सिनेमे असेच कापलेले असतात. या न्यायाने कुठलाही नायक कधीच जागा नसतो.

काळाचा हिशेब ज्यांना आवडतो त्यांनी कागद-पेन घ्या. साध्या औषधावर आर्थर सांगतो ते प्रमाण म्हणजे जागेपणीची 5 मिनिटं ही स्वप्नातला एक तास, म्हणजे 12 पट. युसुफच्या औषधाने ते 20 पट होतं. सिनेमातलं सिडनी ते लॉस एंजेलिस उड्डाण 10 तासांचं. स्वप्नात स्वप्न असे थर आहेत. पहिल्या थरात 200 तास, म्हणजे आठवड्याहून थोडे जास्त. दुसऱ्यात 4,000 तास, साधारण साडेपाच महिने. तिसऱ्यात 80,000 तास, नऊ वर्षांच्या वर. सिनेमातले आकडे आठवडा, सहा महिने आणि दहा वर्षं, म्हणजे हिशेब जमतो. लिंबोत मात्र तो कोलमडतो. कॉब सैतोला शोधून काढतो तेव्हा सैतो निदान चाळीस वर्षांनी म्हातारा झालेला असतो आणि कॉब तसाच. 20 पटीने पाहिलं तर लिंबोतली 40 वर्षं म्हणजे तिसऱ्या थरातली 2 वर्षं. तिसऱ्या थरात, बर्फातल्या किल्ल्यात, लढाई चाललेली असते, तिथे वर्षं जात नाहीत. तिथून ते बाहेर पडले कसे, हेही दाखवलेलं नाही. म्हातारा सैतो पिस्तुलाकडे हात नेतो आणि पुढच्या क्षणी विमानात जाग येते. सिनेमातली खरी ढिली गाठ भोवऱ्यात नाही, इथे आहे. यावर फार थोडे लोक बोलतात.

स्ट्रीमिंगपेक्षा आवाजासाठी ही डिस्क घ्यावी असं मी छातीठोकपणे सांगेन. स्वप्न संपत आल्याची खूण म्हणून सिनेमात गायिका एदित पियाफचं फ्रेंच गाणं वाजतं, आणि ऐकू येणारे ते प्रचंड घोगरे भोंगे संगीतकार हान्स झिमरने त्याच गाण्याची चाल मंद करून बांधलेत. वरच्या थरात गाणं वाजतं, खालच्या थरात ते खेचलं जाऊन भोंग्यासारखं ऐकू येतं. काळाचं गणित कानाला ऐकवलंय. सबवूफर नसेल तर यातलं निम्मं हरवतं. शेवटच्या काही मिनिटांत एकही मोठा आवाज नाही. फक्त झिमरचं संगीत चढत जातं, आणि ते उतरताना भोवऱ्याची घरघर उरते. प्लेअर किंवा साउंडबारचा नाइट मोड चालू असेल तर मोठे आवाज दाबले जातात आणि बारीक आवाज वर येतात. मग चढ-उतारच राहत नाही. तो बंद ठेवा. सबटायटल्स मात्र चालू ठेवा, इंग्रजी चांगलं येत असलं तरीही. मुलं वडिलांना काय बांधतोय ते सांगतात, कड्यावरचं घर, आणि हे वाक्य संगीतात बुडतं. लिंबोच्या किनाऱ्यावरची ढासळती घरं आठवली तर हे वाक्य दोन्ही बाजूंना वापरता येतं.

स्ट्रीमिंगवर हा सिनेमा पाहून शेवटावर मत बनवू नये. दोष सिनेमाचा नसतो, ॲपचा असतो. पडदा काळा झाला रे झाला की श्रेयनामावली कोपऱ्यात लहान होते आणि पुढच्या सिनेमाची जाहिरात सुरू होते. ज्या काळोखासाठी अडीच तास घालवले तो अर्धा सेकंदही टिकत नाही. पर्यायच नसेल तर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले आधी बंद करा. काही ॲपमध्ये हे फक्त ब्राउझरवरून करता येतं, टीव्हीवरून नाही. आणि नावं शेवटपर्यंत सोडा. अगदी शेवटी पियाफचं तेच गाणं वाजतं, स्वप्नातून उठवणारं. स्वप्नवादी याला आपला पुरावा मानतात. मला वाटतं ते थेट प्रेक्षकाला उद्देशून आहे: आता उठा. काहीही असो, कोपऱ्यातल्या चौकोनात ते ऐकूच येत नाही.

पुरवणी साहित्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हे सगळं ब्लू-रेवरचंच आहे, 4केमध्ये नवं काही दिलेलं नाही. नोलनचं भाष्य असलेला ट्रॅक नाही, त्यामुळे शेवटाचं उत्तर डिस्कवर मिळेल या आशेने घेऊ नका. आर्थर झालेल्या जोसेफ गॉर्डन-लेव्हिटने सादर केलेला स्वप्नांवरचा माहितीपट पाऊण तासाचा आहे, ठीक आहे. फिरत्या कॉरिडॉरबद्दलचा भाग मात्र चुकवू नका. इंग्लंडमध्ये कार्डिंग्टनच्या जुन्या हँगरमध्ये 100 फूट लांबीचा कॉरिडॉर बांधून तो खरोखर गरगरा फिरवला होता, आणि आर्थर त्यात खरोखर आपटतो. 'कोबॉल जॉब' ही चौदा-पंधरा मिनिटांची चित्रकथा वादासाठी उपयोगाची आहे. कॉबच्या मागे लागलेली कोबॉल कंपनी त्याला काम कसं देते, हे तीत दिसतं. मॉल जिला बिनचेहऱ्याची म्हणते त्या कंपनीला इथे चेहरा मिळतो. जागेपणवाद्यांनी हा पत्ता राखून ठेवावा.

राहिला नोलन. 2015 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या भाषणात त्याने सांगितलं की कॉब शेवटी मुलांबरोबर स्वतःच्या वास्तवात आहे, त्याला आता फरक पडत नाही, आणि कदाचित वास्तवाचे सगळेच थर खरे मानता येतील. 2023 मध्ये बरोबर उत्तराचं श्रेय त्याने निर्माती एमा थॉमस हिला दिलं: त्या शॉटचा मुद्दा हाच की कॉबला त्या क्षणी पर्वा नाही. याउलट अभिनेता मायकेल केनने 2018 मध्ये सांगितलं की पटकथा कळेना म्हणून त्याने नोलनला विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं की तू ज्या दृश्यात आहेस ते खरं. केन शेवटच्या दृश्यात आहे. लोक हे दोन जबाब एकमेकांविरुद्ध उभे करतात, पण ते भांडत नाहीत. एक सांगतो दृश्य कुठे घडतं, दुसरा सांगतो कॉब काय करतो.

आणि कॉब काय करतो हे पडद्यावर आहे. तो भोवरा फिरवतो आणि मुलं दिसली की भोवऱ्याकडे पाठ करून निघून जातो. टोकियोत हाच माणूस पिस्तूल हातात धरून भोवरा पडेपर्यंत हललेला नव्हता. पुढे तिजोरीचा प्रसंग आठवा. मॉलला लिंबोतून बाहेर काढण्यासाठी कॉबने तिच्या तिजोरीत हाच भोवरा फिरवून ठेवला, आणि 'हे जग खरं नाही' ही कल्पना तिच्या मनात कायमची रुजली. ती जागी झाली तरी कल्पना गेली नाही आणि तिने जीव दिला. सिनेमाभर भोवरा हे त्या संशयाचं हत्यार आहे. कॉब ते टेबलावर टाकून जातो आणि कॅमेरा त्याच्यामागे न जाता भोवऱ्यापाशी थांबतो. संशय आता त्याचा राहिलेला नाही, आपला झाला. माझं मत विचाराल तर शेवट जागेपणातलाच आहे, आणि 'सगळंच स्वप्न' हा तर्क खोडता येत नाही म्हणून तो जिंकत नाही. जो तर्क कुठल्याच पुराव्याने खोटा पडत नाही, त्याने सिनेमातलं काही उलगडतही नाही.

चार जण मिळून पाहणार असाल तर सलग पाहा, मधे थांबवू नका. संपल्यावर चहा ठेवा आणि मग सहा जागा परत लावा: सैतोचं टेबल, टोकियोचं हॉटेल, युसुफचं तळघर, मॉलची तिजोरी, इमिग्रेशनची खिडकी आणि शेवटची बाग. अर्ध्या तासाचं काम आहे. वाद त्यानंतर सुरू करा.

2010 ची जुनी ब्लू-रे ज्यांच्याकडे आहे आणि टीव्ही 43 इंचांच्या आत आहे, त्यांनी नव्या संचासाठी पैसे घालू नयेत. आवाजात फरक फारसा नाही, आणि जुन्या डिस्कवरचा 'एक्स्ट्रॅक्शन मोड', सिनेमा चालू असताना मधेमधे पडद्यामागचं दाखवणारा, अजूनही छान आहे. टीव्ही 55 इंच किंवा त्याहून मोठा, त्यातही ओएलईडी असेल, तर 4के घ्या. बर्फातल्या लढाईचा पांढरेपणा आणि सैतोच्या महालातला सोनेरी अंधार या दोन ठिकाणी फरक पहिल्या मिनिटात कळतो. हातांवरची बोटंही मोजता येतात.